चार वर्षांची मुदत

मागचे दोन शनिवार लिहायला बसलो आणि एक ओळही न लिहिता उठलो. कारण लॅपटॉपवर एक एक्सेल शीट सतत उघडी असते आणि डोकं तिच्यातच अडकलेलं असतं. आज ठरवलं, की जे डोक्यात आहे तेच लिहून टाकू. निदान शनिवार तरी सत्कारणी लागेल!

तर गोष्ट अशी. परदेशातल्या एका विद्यापीठात एम.एस.ला ॲडमिशन मिळाली आहे. दोन वर्षं, फुल टाईम. होकार कळवायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची पंधरा. नोकरीला लागून सहा वर्षं झाली, शिकायची इच्छा पहिल्या वर्षापासून होती, पण दर वर्षी काही ना काही आडवं आलं. एकदा रिलीज, एकदा आईचं ऑपरेशन, एकदा लग्न, एकदा फ्लॅट. आता कंपनीचं म्हणणं असं, की इथेच राहून वीकेंडचा मास्टर्स कर, फी आम्ही भरतो, डिग्री मिळाल्यावर तीन वर्षं बाँड. माझा मॅनेजर तसा भला माणूस आहे. म्हणाला, "अरे, दोन्ही दगडांवर पाय ठेवायला मिळतोय, वर पैसेही आम्हीच देतोय, अजून काय पाहिजे?" मला लहानपणी ही म्हण उलट्या अर्थाने शिकवली होती :)

घराचा हप्ता सतरा वर्षं शिल्लक आहे. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतील. शीटमध्ये हे सगळं आहे. फी, व्हिसा, भाडं, हप्ता, डॉलरचा भाव एक रुपयाने वाढला तर काय, दोन रुपयांनी वाढला तर काय... आकडे बदलून बदलून बघतो आणि उत्तर काही येत नाही.

अशा वेळी माणूस कामाचं सोडून भलतंच वाचत बसतो. माझं तसंच झालं. कपाटातलं बाबासाहेबांचं चरित्र काढलं. शाळेत आपण सगळ्यांनी ती यादी पाठ केली आहे: एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. भाषणाच्या स्पर्धेत एका दमात म्हणायची आणि टाळ्या घ्यायच्या. यादी ऐकताना वाटतं, की माणूस एकेक पायरी सरळ चढत गेला. ह्या वेळी सवयीने मी त्या यादीसमोर तारखा लिहिल्या. (इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार!) आणि लक्षात आलं, की हा जिना सरळ नाहीच. मधे तो चक्क तुटलेला आहे. तो कसा तुटला आणि परत कसा जोडला, ह्याबद्दल आजचं हे लिखाण.

सुरुवातीपासून बघू. आंबेडकर १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. त्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून महिना २५ रुपये मिळत होते. त्यामुळे बी.ए. झाल्यावर नोकरी बडोद्याला. जानेवारी १९१३ मध्ये ते रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याचं कळल्यावर मुंबईला परतले. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी सुभेदार गेले. वय एकवीस, पदरी बायको आणि तान्हं मूल. आपल्या आजच्या हिशोबाने शिक्षण इथेच संपायला हवं होतं.

त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवत होते. ४ जून १९१३ ला करार झाला. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती, आणि शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी. दहा वर्षं! मी माझ्या तीन वर्षांच्या बाँडवर दोन आठवडे कुंथतोय.

ही तीन वर्षं त्यांनी कशी वापरली ते बघण्यासारखं आहे. अर्थशास्त्राचे २९ कोर्सेस, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला आणि त्याच उन्हाळ्यात पीएच.डी.चा प्रबंध हातावेगळा करून लंडन गाठलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, अशी दोन्हीकडे एकदम नावं घातली. बडोद्याकडून थोडी मुदतवाढ मिळाली होती. ती १९१७ मध्ये संपली आणि परत या असा निरोप आला. लंडनची एकही पदवी हातात नव्हती.

आता इथे एक बारीकशी गोष्ट आहे. यादी पाठ करताना ती कुणी सांगत नाही. निघण्यापूर्वी आंबेडकरांनी प्राध्यापक एडविन कॅनन ह्यांच्यामार्फत लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलात तर शिक्षण पुढे चालू ठेवता येईल, अशी. बस्स. तेव्हा पैसे नव्हते, परत येण्याचा काही मार्ग दिसत नव्हता, महायुद्ध चालू होतं, आणि पुढची दहा वर्षं कराराने बडोद्याला बांधलेली होती. तरीही त्यांनी दार ओढून घेतलं नाही, किलकिलं ठेवून निघाले. मी हे वाचून पुस्तक खाली ठेवलं आणि बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला पोचले. सामान, म्हणजे मुख्यतः पुस्तकं, वेगळ्या जहाजाने येत होतं. ते जहाज पाणबुडीने बुडवलं. थॉमस कुक कंपनीकडून जी नुकसानभरपाई मिळाली तिच्यातून बडोद्याला जायची सोय झाली. म्हणजे बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांतून नोकरीवर रुजू व्हायचं भाडं निघालं.

बडोद्यात काय झालं ते त्यांनी स्वतः पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. नेमणूक अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात. राहायला जागा कुठेच मिळेना, म्हणून एका पारशी सराईत पारशी नाव सांगून राहिले. वरच्या मजल्यावर एकटेच, विजेचा दिवासुद्धा नाही. अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना डझनभर पारशी माणसं काठ्या घेऊन दारात आली. आठ तासांची मुदत मागून घेतली. मित्रांकडे गेले तर त्यांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी कामाठीबागेत बसून राहिले आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परत. ऑफिसातही शिपाई फायली हातात न देता लांबून टेबलावर टाकत, असं चरित्रांत वाचायला मिळतं.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर हा सगळा लेख खोटा होईल. माझी अडचण आणि ही अडचण एका जातीची नाही. (शब्द मुद्दाम वापरला आहे.) मला नोकरी सोडू का, हा प्रश्न पडतो. कोलंबियाला शिकून आलेल्या माणसाला त्या गावात रात्री झोपायला जागा मिळत नव्हती. दहा वर्षांचा करार महिन्याच्या हिशोबातच मोडला, पण तो त्यांनी कंटाळून मोडला नव्हता. गावाने त्यांना करार पाळू दिला नाही. माझं आडनाव विचारून मला कुणी फ्लॅट नाकारला नाही. तेव्हा "बाबासाहेबांनी केलं, मग तुला का जमत नाही" असली व्हॉट्सॲप फॉरवर्डछाप तुलना मी करणार नाही. तारखा मात्र बघणार आहे, कारण तारखांमधून शिकण्यासारखं बरंच आहे.

तर १९१७ अखेर परिस्थिती ही. हातात कोलंबियाची एम.ए., पीएच.डी.चं काम झालेलं पण पदवी मिळायची राहिलेली, लंडनची दोन शिक्षणं अर्धवट, नोकरी गेलेली, आणि परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सगळं कुटुंब. घड्याळ चालूच होतं. चार वर्षांतली पहिली वर्ष-दीड वर्ष किरकोळ कामांतच गेली. शिकवण्या केल्या, शेअर्सबद्दल सल्ला द्यायचा व्यवसाय काढून बघितला, तोही जातीमुळे चालला नाही. पण त्याच काळात भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांचा निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. साल १९१८. म्हणजे कुठलंही विद्यापीठ, कुठलाही गाईड, कुठलीही डेडलाईन नसताना अभ्यास सुरू होता.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तात्पुरती, पगार साडेचारशे रुपये. त्या काळी हा पगार चांगलाच होता. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पण वर्गात मुलं जमायला लागली, बाहेरच्या कॉलेजांतली मुलंही येऊन बसायला लागली. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' सुरू केलं, त्याला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, तिथे शाहू महाराज स्वतः हजर होते.

आता आपण त्यांच्या जागी आहोत असं समजा. पगार चांगला. विद्यार्थी खूष. वर्तमानपत्र सुरू झालं आहे, लोक नेता म्हणून बघायला लागले आहेत. घरी पहिल्यांदाच जरा बरे दिवस आले आहेत. कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? "आता कशाला लंडन? जे शिकायचं ते शिकून झालं की!" माझे अर्धे मामा-काका मला अगदी हेच वाक्य म्हणाले आहेत.

आंबेडकरांनी त्याच मार्च १९२० मध्ये सिडनहॅमचा राजीनामा दिला. सोळा-सतरा महिन्यांच्या पगारातून साठवलेले पैसे होते. शाहू महाराजांनी मदत केली. आणि नवल भथेना ह्या कोलंबियापासूनच्या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्ज दिलं. (बडोद्याला काठ्या घेऊन आलेलेही पारशी आणि पाच हजार काढून देणाराही पारशी. इतिहास वाचताना सगळ्या समाजाचं एक लेबल करून टाकायची सवय जाते, ती अशी.) जुलैमध्ये बोटीत बसले आणि सप्टेंबर संपता संपता लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुन्हा दाखल झाले. चार वर्षांची मुदत ऑक्टोबर १९२१ मध्ये संपणार होती. हातात एक वर्ष शिल्लक ठेवून ते परत पोचले!

माझ्या हे दोनदा वाचल्यावर लक्षात आलं, की मी प्रश्नच चुकीचा मांडत होतो. माझ्या शीटमध्ये दोन कॉलम आहेत, 'नोकरी' आणि 'शिक्षण', आणि त्यातला एक निवडून दुसरा डिलीट करायचा, असं मी धरून चाललो होतो. इथे तर सिडनहॅमची नोकरी हाच लंडनचा रस्ता होता. ती नोकरी त्यांनी नीट केली, मन लावून केली, पण ती कशासाठी करतोय हे विसरले नाहीत. साडेचारशे रुपयांची सवय लागू दिली नाही. मला वाटतं आपल्या फील्डमधल्या लोकांचं नेमकं इथेच चुकतं. "दोन वर्षं पैसे साठवतो आणि जातो" असं सगळेच म्हणतात. मग पगार वाढतो, गाडी येते, हप्ता येतो, आणि साठवायचे पैसे हप्त्यात जातात. मीही त्यातलाच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी तारखा सांगतोच. जून १९२१ एम.एस्सी. जून १९२२ बॅरिस्टर. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर. आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो दुरुस्त करून आणायला सांगितला! हातातले पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, प्रबंध मुंबईत बसून दुरुस्त केला, इथूनच पाठवला, आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. त्या मधल्या काळात वकिलीही सुरू केली होती. म्हणजे शेवटचा टप्पा चक्क काम सांभाळून पूर्ण केलेला आहे.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची गोष्ट तर आणखी लांबली. तिथे पदवी मिळायला प्रबंध छापून त्याच्या प्रती द्याव्या लागत. छपाईला पैसे कुठून आणणार? ते पुस्तक १९२५ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने छापलं आणि पदवी मिळाली जून १९२७ मध्ये. १९१६ च्या कामाची पदवी १९२७ मध्ये. तेव्हा ते वकिली करत होते, बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले होते. पाठ केलेल्या यादीत 'पीएच.डी.' हा शब्द म्हणायला एक सेकंद लागतो.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची ठरली. पुस्तकांची अर्पणपत्रिका मी कधी वाचत नाही, थेट पहिल्या प्रकरणावर जातो. ह्या वेळी वाचल्या. १९२३ चं रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे, शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. १९२५ चं प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक सयाजीरावांना, शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल. ज्यांच्या नोकरीचा करार पुरा झाला नाही त्यांना! आणि १९४० मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावर पुस्तक आलं ते रमाबाईंच्या स्मृतीला. विषयाचा रमाबाईंशी काही संबंध नाही. अर्पण करताना लिहिलंय ते असं, की ददातीच्या आणि काळजीच्या, जवळ कुणी मित्र नव्हता अशा दिवसांत तिने आपल्याबरोबर धीराने सोसलं, त्याची ही आठवण. रमाबाई १९३५ मध्येच गेल्या होत्या. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. न्यूयॉर्क आणि लंडनची सगळी वर्षं मिळून परळच्या त्या चाळीत संसार कुणी ओढला, ते ह्या अर्पणपत्रिकेत आहे.

मला त्या तीन अर्पणपत्रिका हिशोबाच्या वहीसारख्या वाटल्या. पदव्या एका माणसाच्या नावावर लागतात, खर्ची मात्र पडलेली असतात बरीच माणसं. आणि त्यांनी तो हिशोब मनात ठेवला. एवढंच नाही, पुढे व्याजासकट फेडला असं म्हणायला हवं. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. तिथे वर्ग सकाळी भरत, नोकरी करणाऱ्या मुलांना वर्ग आटपून कामावर जाता यावं म्हणून. ज्याची स्वतःची पदवी पैशासाठी आणि नोकरीसाठी इतक्या वेळा अडली, त्याला कॉलेजचं टाईमटेबल कसं असावं हे कळणारच.

हे सगळं परवा रात्री बायकोला सांगत होतो. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिने माझी शीट उघडली. पाच मिनिटं वर-खाली स्क्रोल करून म्हणाली, "ह्यात माझा पगार आहे, बारा नंबरच्या ओळीत. मी कुठेय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे दोन वर्षं तू तिकडे. हप्ता माझ्या पगारातून, तुझ्या आई-बाबांकडे मी, माझं प्रमोशन आणि माझी परीक्षा कधी, ते तू कुठे लिहिलंयस? मला विचारलंयस का तू?"

नव्हतं विचारलं. गृहीत धरलं होतं. सहा वर्षं कोड लिहितोय, आणि इतकं साधं व्हॅलिडेशन राहून गेलं.

मग दोन तास बसलो आणि एकत्र शीट केली. तिला सी.ए.चा राहिलेला एक ग्रुप द्यायचा आहे, जो आमच्या लग्नाच्या गडबडीत दोनदा पुढे ढकलला होता. (ते मला 'आडवं आलेलं' वाटलंच नव्हतं, कारण ते माझ्या आडवं आलं नव्हतं.) शेवटी ठरलं ते असं. विद्यापीठाला ॲडमिशन एक वर्ष पुढे ढकलता येईल का असं विचारायचं. त्यांच्या नियमांत तशी सोय आहे. कंपनीचा बाँड घ्यायचा नाही. हे वर्षभर नोकरी नीट करायची, गाडी विकायची आणि माझ्या पगारातून काहीतरी खरोखर साठवायचं. तिची परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. पुढच्या वर्षी ह्याच वेळी शीट परत उघडायची, दोघांनी.

विद्यापीठ नाही म्हणालं तर? मग दुसऱ्यांदा अर्ज करायचा. तारखा समोर आहेत. पहिल्यांदा लंडनला नाव घातलं १९१६ मध्ये, शेवटची पदवी आली १९२७ मध्ये.

मेल लिहून झाली आहे, ड्राफ्टमध्ये आहे. सोमवारी ऑफिसला निघायच्या आधी पाठवीन. आत्ता मात्र उठतो, आजच्या पिठल्याची जबाबदारी माझी आहे आणि बेसन कुठल्या डब्यात असतं ते अजून सापडलेलं नाही.